गोव्यात टाकी फुल्ल केली की गाडी स्टार्टच घेत नाही. पी०४४१ कोड आलाय, पंप बदलू का?

चोर्लावाला
मंडळी, नमस्कार. मी बेळगावचा, वडगावात राहतो. भाजीच्या धंद्यामुळं आठवड्यातून एकदा म्हापशाला जाणं होतं. माल टेम्पोतनं जातो, वसुलीला मी माझ्या गाडीनं. गाडी २०२१ ची, पेट्रोल, बीएस-६, ७१ हजार किलोमीटर झालेत. जाता-येता जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हाच रस्ता.

गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त. म्हणून परतताना साखळी गावाच्या आसपास टाकी फुल्ल करायची, ही माझी जुनी सवय. गेले दोन महिने असं होतंय: टाकी भरली की पंपावरच गाडी स्टार्ट व्हायला मागत नाही. चावी फिरवून धरायची, सात-आठ सेकंद नुसता स्टार्टर फिरतो, मग घुरघुरत सुरू होते. घाट चढताना पाठीमागून पेट्रोलचा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. चन्नम्मा चौकात सिग्नलला उभा राहिलो की आयडल खालवर होतं. आणि तीन-चार दिवसांनी, टाकी निम्म्यावर आली की गाडी एकदम सरळ! जणू काही झालंच नव्हतं.

चेक इंजिनची लाईट पेटली म्हणून एका गॅरेजात स्कॅनर लावला. पी०४४१ असा कोड आला. त्यांनी तो डिलीट केला, लाईट गेली, पुढच्या गोवा फेरीला परत आली. दुसऱ्या गॅरेजात सांगितलं, फ्युएल पंप कमजोर झालाय, पूर्ण असेंब्ली बदला. खर्च मोठा आहे. लग्नसराईच्या आधी हात आखडता आहे, म्हणून विचारतोय. पंप बदलू का?

निपाणी_२३
दादा, आधी टोपण बघा. माझ्या गाडीला असाच वास यायचा. पेट्रोलच्या टोपणाच्या रबर रिंगला बारीक चीर गेली होती. नवीन टोपण लावलं, वास बंद झाला. आमच्या निपाणीत, कोगनोळीला कागल-कोल्हापूरकडचे लोक मुद्दाम टाकी भरायला येतात, कारण कर्नाटकात दर कमी. सगळे काठोकाठ भरून नेतात. तुमच्या गाडीत वेगळं काय असणार? टोपण बदला, झालं.

उद्यमबाग_लेथ
टोपणानं वास जाईल, पण भरल्यावर स्टार्ट न होणं टोपणानं कसं होईल? मला पटत नाही.

चोर्लावाला, तीन गोष्टी सांगा की. कोड एकच आहे की सोबत पी०१७२ (मिश्रणात पेट्रोल जास्त) सारखा दुसरा पण आहे? टाकी भरताना नोझल पहिल्यांदा कट झाल्यावर थांबता, की पुढं भरता? आणि पेट्रोल भरताना नोझल मधेच सारखं कट कट होतं का? आणखी एक, आता परत कोड डिलीट करू नका. कोड पडला त्या क्षणाची माहिती गाडी साठवून ठेवते: इंजिन किती गरम होतं, वेग किती, रेसिंग किती. डिलीट केलं की ती पण जाते.

चोर्लावाला
कोड एकटा पी०४४१. नोझल मधे कट होत नाही, सरळ भरतं. कट झाल्यावर मी थांबत नाही, खरं सांगतो. पंपावरचा पोरगा "राउंड फिगर करू?" विचारतो, मी हो म्हणतो. शिवाय गाडी थोडी हलवून अजून दीड-दोन लिटर बसवतो. स्वस्त आहे तर जेवढं मावेल तेवढं, असा हिशोब.

खानापूरचा_मेस्त्री
पंप बदलू नका. निदान आज तरी नको.

मी पस्तीस वर्षं गाड्या उघडतोय. कार्ब्युरेटरच्या काळापासून. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: "टाकी निम्म्यावर आली की गाडी एकदम सरळ." पंप कमजोर असता तर त्याला टाकी भरलेली आहे की अर्धी, याची फिकीर नसती. उलट कमी पेट्रोलावर जास्त त्रास दिला असता. तुमचं दुखणं भरलेल्या टाकीशी बांधलेलं आहे. म्हणजे द्रव पेट्रोल नव्हे, पेट्रोलची वाफ बघायची.

थोडं समजावून सांगतो, कारण हे समजल्याशिवाय तपासणीचा अर्थ लागणार नाही. टाकीत पेट्रोलाची वाफ सतत होत असते. ती हवेत सोडायची नाही असा नियम आहे. म्हणून टाकीपासून एक पाईप कोळशाच्या डब्याकडे जातो. त्याला कॅनिस्टर म्हणतात. आत सक्रिय कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात. डब्याला एक तोंड बाहेरच्या हवेला उघडं असतं. तिसरा पाईप पुढे इंजिनकडे येतो आणि त्याच्यावर एक छोटा विजेचा व्हॉल्व असतो, पर्ज व्हॉल्व. इंजिन गरम होऊन गाडी चालायला लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हा व्हॉल्व थोडा थोडा उघडतो. इंजिनच्या ओढीने बाहेरची ताजी हवा डब्यातून जाते, कोळशातली वाफ उचलते आणि इंजिनात जळते. डबा परत रिकामा. ही सगळी यंत्रणा म्हणजे ईव्हॅप.

वीज नसताना पर्ज व्हॉल्व बंद असला पाहिजे. हे डोक्यात ठेवा. आता समजा तो बंदच होत नाही. टाकी भरताना आत येणारं पेट्रोल तेवढ्याच जागेतली वाफ ढकलतं, त्यातली काही डब्यात जाते, डबा गच्च भरतो. तुम्ही चावी फिरवता, इंजिन ओढ घेतं आणि उघड्या व्हॉल्वमधून सगळी वाफ थेट इंजिनात. वर इंजेक्टर आपलं पेट्रोल टाकतातच. मिश्रण इतकं दाट होतं की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. तीन-चार दिवसांत डबा रिकामा झाला की त्याच उघड्या व्हॉल्वमधून बहुतेक हवाच येते आणि गाडी सरळ वाटते.

आता कोडचं. पी०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह जसा हवा तसा नाही. एवढंच. व्हॉल्व चोक झालाय, की उघडा राहिलाय, की पाईप निसटलाय, हे कोड सांगत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकीचा दाब मोजणारा सेन्सर नसतो. तिथे ईसीयू व्हॉल्व उघडायचा हुकूम देतो आणि ऑक्सिजन सेन्सरवर, आयडलवर काही फरक पडतो का ते बघतो. फरक पडला नाही तर हा कोड. आता जो दरवाजा आधीच उघडा आहे, त्याला "उघड" म्हटल्यावर काय फरक पडणार? म्हणून उघड्या अडकलेल्या व्हॉल्वलाही हाच कोड येऊ शकतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पाईप चोक आहे.

हा माझा अंदाज आहे. तपासल्याशिवाय एक रुपयाचा पार्ट घेऊ नका. तपासणी कशी करायची ते रात्री लिहितो, आत्ता एक गाडी रॅम्पवर आहे.

अथणी_ऊस
मेस्त्री मामा, हे इथेनॉलमुळं तर नव्हे? आमच्याकडं सगळे हेच म्हणतात. वीस टक्के आल्यापासून गाड्या बिघडायल्यात. आमच्याच उसाचं इथेनॉल, म्हणून वाईट वाटतं. आणि गाळप संपलं की शेतातले उंदीर गाडीत घुसतात, मागच्या साली माझ्या गाडीचा असलाच एक रबरी पाईप कुरतडला होता.

खानापूरचा_मेस्त्री
अथणीवाले, पेट्रोलात थोडं इथेनॉल मिसळलं की वाफ होण्याचा कल थोडा वाढतो, हे खरं. जुन्या गाड्यांच्या काही रबराला ते मानवत नाही, हेही खरं. म्हणून पाईप हाताने दाबून बघायचे, टणक किंवा चिकट झाले असतील तर बदलायचे. पण इथेनॉल महिनाभर सारखंच असतं. ते भरल्या दिवशी त्रास देऊन चौथ्या दिवशी गप्प बसत नाही. उंदराचा मुद्दा मात्र चांगला. पाईप नजरेखालून घालायचाच आहे.

आता तपासणी. चोर्लावाला, सगळं उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत साचते. म्हणून खड्ड्यावर गाडी लावून तर मुळीच नको. जवळ विडी-सिगरेट, गॅसचा लायटर काही नको.

सकाळी गाडी थंड असताना बॉनेट उघडा. इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आसपास, थ्रॉटल बॉडीच्या जवळ, मुठीत मावेल एवढा काळा प्लास्टिकचा व्हॉल्व दिसेल. दोन पाईप आणि दोन तारांचं एक कनेक्टर. एक पाईप मॅनिफोल्डला, दुसरा गाडीच्या खालून मागे जाणारा. हा मागे जाणारा पाईप व्हॉल्वपासून सोडवा. त्याची क्लिप दाबून निघते, पकडीने ओढू नका, प्लास्टिकचं तोंड तुटतं आणि मग खरंच मोठा खर्च येतो. कनेक्टरही काढा. गाडी सुरू करा आणि व्हॉल्वच्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. वीज तुटलेली आहे, म्हणजे व्हॉल्व बंदच हवा, बोटाला काहीही ओढ लागता कामा नये. ओढ लागली तर निकाल लागला. कनेक्टर काढल्यामुळे लाईट पेटेल, दुसरा एखादा कोडही पडेल, त्याने घाबरू नका.

मग गाडी बंद करून व्हॉल्व बाहेर काढा. मल्टिमीटर ओहमवर लावून दोन पिनांमध्ये मोजा. बहुतेक गाड्यांत २० ते ३० ओहमच्या आसपास येतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. शून्य आलं तर कॉइल शॉर्ट, मीटर हललंच नाही तर कॉइल तुटलेली. शेवटी छोट्या नळीने एका बाजूने फुंकर मारून बघा, आरपार जाता कामा नये. तोंडाने ओढू नका, आत पेट्रोल असतं.

जमलं तर ब्लूटूथचं छोटं स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमचा आकडा पण बघा. ईसीयू नेहमीच्या मापापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते त्यात टक्क्यांत दिसतं. पंप कमजोर असेल तर पेट्रोल कमी पडतं, ईसीयू वाढवायला बघतो, आकडा अधिकमध्ये जातो. वाफ जास्त येत असेल तर तो इंजेक्टर आवरतो, आकडा उणेमध्ये. पंप की पर्ज, हा वाद या एका आकड्याने मिटतो.

एक उपाय तोवरचा. भरल्यावर स्टार्ट नाही झाली तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि मग चावी फिरवा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत स्टार्टर फिरताना पूर्ण रेस दिली की ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो, आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर जातं. इंजिनने पकडलं की लगेच पाय सोडा.

चंदगडी
एवढा कुटाणा कशाला? आमच्याकडं तिलारीच्या बाजूला कितीतरी गाड्यांचा तो डबा काढून टाकलाय. मॅनिफोल्डचं भोक बूच मारून बंद, टाकीचा पाईप खाली मोकळा सोडला. वर्षं झाली, गाड्या पळताहेत.

खानापूरचा_मेस्त्री
चंदगडी भाऊ, हे मला मनापासून पटत नाही, आणि का ते सांगतो. तो मोकळा पाईप बहुतेक वेळा मागच्या सीटच्या खाली, सायलेन्सरच्या पाईपापासून हातभर अंतरावर सुटतो. एप्रिल-मे मध्ये गाडी उन्हात उभी राहिली की तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत राहते. त्या वाफेत बेंझीन असतं, ज्याने कर्करोग होतो. दार उघडून लहान पोर मागे बसतं तेव्हा ते हेच श्वासात घेतं. बीएस-६ ची गाडी मंजूर करताना ती बंद खोलीत ठेवून सगळीकडून मिळून किती वाफ सुटते ते मोजतात आणि २ ग्रॅमच्या आत असावी लागते. आपण तो डबा काढला की मर्यादेचा प्रश्नच संपला. आगीचा धोका वेगळाच. गाडी पळते म्हणजे ती बरोबर आहे असं नाही.

शाळेतली_बाई
चिकोडीहून लिहिते. मला मोटारीतलं फारसं कळत नाही, पण "राउंड फिगर" वाचून थांबले. माझ्या बीएस-६ स्कूटरलाही हेच होतं! काठोकाठ भरून घेतली की त्या दिवशी स्टार्ट होताना तक्रार. स्कूटरलाही असा डबा असतो का? आणि कट झाल्यावर भरलं तर नेमकं काय होतं, पेट्रोल तर टाकीतच राहतं ना?

खानापूरचा_मेस्त्री
ताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा. हो, बीएस-६ स्कूटरलाही छोटा डबा असतो.

नोझल कट कसं होतं ते बघा. नळीच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल वर येऊन भोक बुजलं की हवा मिळत नाही, आतला पडदा ओढला जातो आणि खटका पडतो. ही पातळी गाडी बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवलेली असते. तिच्या वर जी रिकामी जागा उरते ती फुकट नाही, ती पेट्रोल फुगायला आणि वाफ व्हायला ठेवलेली आहे. पंपाची टाकी जमिनीखाली, तिथलं पेट्रोल थंड. गाडीच्या टाकीत, उन्हात ते तापतं. ४० लिटर पेट्रोल १५ अंशांनी तापलं की अर्धा लिटरहून जास्त फुगतं. जागाच ठेवली नाही तर ते जाणार कुठे? वाफेच्या पाईपातून डब्यात. वाफ नव्हे, द्रव पेट्रोल. आणि कोळशाचा डबा वाफेसाठी केलेला असतो. एकदा पेट्रोलने भिजला की वाफ धरण्याची ताकद जाते. वारंवार भिजला की दाणे फुटतात, त्यांचा चुरा होतो.

चोर्लावालांच्या बाबतीत तर भर पडते ती घाटाची. ते समुद्राकाठच्या उंचीला टाकी गच्च भरतात आणि तासा-दोन तासांत साडेसातशे-आठशे मीटर वर येतात. तिथे हवेचा दाब ८-९ टक्क्यांनी कमी. दाब कमी झाला की तेच पेट्रोल जास्त वाफ सोडतं. वर चढणीला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तापलेलं, खालचा रस्ता तापलेला. भरलेला डबा, भरलेली टाकी आणि वर जाणारा रस्ता. पाठीमागून वास येणार नाही तर काय होईल?

उद्यमबाग_लेथ
हे घाटाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चिप्सची पिशवी कणकुंबीला येईपर्यंत फुगते ती याचमुळं, आणि आपण टाकीचा विचार करत नाही.

चोर्लावाला
मेस्त्री मामा, आज रविवार. सकाळी सात वाजता दारात बसूनच केलं सगळं. धाकट्या भावाला स्टार्टरला बसवलं.

कनेक्टर काढला, मागचा पाईप सोडवला, गाडी सुरू केली. व्हॉल्वच्या तोंडावर बोट ठेवलं तर बोट अक्षरशः चिकटलं. काढताना 'फट्' असा आवाज आला. बोट लावलं की आयडल खाली यायचं, काढलं की चढायचं.

व्हॉल्व काढून मोजला, २४ ओहम. फुंकर आरपार जाते, काहीच अडत नाही. म्हणून पांढऱ्या कागदावर उलटा करून हलकेच ठोकला. त्यातून काळी पावडर आणि मोहरीपेक्षा बारीक काळे दाणे पडले. फोटो टाकतोय.

आणि ट्रिमचं पण केलं. मित्राकडं ते ब्लूटूथचं डबडं होतं. परवा गोव्याहून भरून आल्यावर गरम इंजिनला आयडलवर उणे १८, उणे २० असं दाखवत होतं. आज टाकी निम्मी, उणे ३. म्हणजे पंपाचा विषय संपला ना?

खानापूरचा_मेस्त्री
पंपाचा विषय संपला. इतकं नीट केलंत, फार बरं वाटलं.

पण थांबा. आता बाजारात जाऊन नुसता व्हॉल्व आणून बसवू नका. कॉइल ठीक आहे, व्हॉल्व आपणहून मेलेला नाही. त्याच्या बैठकीवर हे दाणे अडकलेत म्हणून तो मिटत नाही. ते दाणे कुठून आले? डब्यातून. डब्याच्या आत जाळी आणि फोम असतो, तो फाटला की कोळसा पुढे निघतो. असा डबा ठेवून नवीन व्हॉल्व लावला तर महिन्या-दोन महिन्यांत तोही असाच उघडा पडेल, आणि तुम्ही म्हणाल मेस्त्रीने चुकीचं सांगितलं. ही चूक मी स्वतः केलेली आहे, एका गिऱ्हाइकाच्या गाडीवर. तीन महिन्यांत दोन व्हॉल्व गेले, मग डबा उघडून बघितला. त्या माणसाचे दुसऱ्या व्हॉल्वचे पैसे मी परत केले.

डबा मागच्या बाजूला, टाकीजवळ असेल. टाकी रिकामी होत आली असताना काढा. हातात घेऊन हलवा. आत खळखळ पेट्रोल वाजलं किंवा वाळूसारखे दाणे वाजले तर तो गेला. डबा उन्हात वाळवून परत वापरायचा सल्ला कोणी देईल. वाळेल, पण फुटलेले दाणे जोडले जात नाहीत. मधला लांब पाईप दोन्ही बाजूंनी सोडवून हलक्या हवेने साफ करा, टाकीच्या दिशेने किंवा डबा जोडलेला असताना कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. व्हॉल्वकडून मॅनिफोल्डला जाणारा आखूड पाईपही काढून झटका, त्यात चुरा असेल तर तो इंजिनात ओढला जाईल.

आणि डब्याचं बाहेरच्या हवेला उघडणारं तोंड बघा. आमच्या खानापूर भागात तांबडी माती आणि चार महिने पाऊस, तिथे चिखल बसतो. एका गाडीत तर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. तोंड बंद झालं की लक्षणं वेगळी येतात: टोपण उघडताना जोरात 'सूं' आवाज आणि भरताना नोझल सारखं कट होणं. लेथवाल्यांनी सुरुवातीला हेच विचारलं होतं, ते उगाच नाही.

निपाणी_२३
मामा, मग माझं टोपणाचं सांगणं चुकलं का? गाड्यांविषयीच्या व्हिडिओंमध्ये तर सगळे आधी टोपणच सांगतात.

खानापूरचा_मेस्त्री
चुकलं नाही, तुमचा वास टोपणाचाच होता. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ओळखायची यंत्रणा, आहे आणि ईव्हॅपमध्ये गळती आहे का, हे गाडी स्वतः तपासते. टाकी बंद करून दाब धरतो का बघते, एक मिलिमीटरच्या भोकाएवढी गळतीसुद्धा पकडते. नंतर ते अर्ध्या मिलिमीटरवर आणलं. म्हणून तिथे टोपण सैल राहिलं तरी लाईट पेटते, पी०४५५, पी०४५६ असे कोड येतात, आणि धूर सोडून गळती शोधतात. आपल्या ज्या गाडीत दाबाचा सेन्सरच नाही, तिला टोपण सैल असल्याचं कळायचं कसं? तिला फक्त पर्ज व्हॉल्व आणि त्याच्या तारा कळतात. म्हणून परदेशी यादी समोर ठेवून आपली गाडी तपासू नये. आधी आपल्या गाडीत काय काय बसवलंय ते बघावं.

शाळेतली_बाई
आज पंपावर सांगून बघितलं. आमच्या पंपावरचा मुलगा कन्नड बोलतो. "कट् आद मेले साकु, मत्त हाकब्याड्री," म्हटलं, म्हणजे कट झाल्यावर पुरे, परत घालू नका. तो हसून हो म्हणाला आणि थांबला. भरून झाल्यावर स्कूटर पहिल्या बटणाला सुरू झाली. एका वेळेवरून सांगू नये म्हणा, आणखी दोन-तीनदा बघते.

चोर्लावाला
बारा दिवसांनी लिहितोय, डबा मागवायला वेळ गेला.

डबा काढला तेव्हा हाताला जड लागला. कलता केल्यावर एका तोंडातून पाव वाटीभर पेट्रोल आलं आणि मागोमाग काळा चुरा. भाऊ म्हणाला, दादा, हे तर चुलीतल्या राखेगत झालंय. नवीन डबा, नवीन व्हॉल्व, दोन क्लिपा. पाईप मामांनी सांगितला तसा दोन्हीकडनं सोडवून साफ केला, आखूड पाईपातही चिमूटभर चुरा होता. सगळं मिळून पंपाच्या असेंब्लीच्या निम्म्यातही बसलं नाही, बरंच खाली राहिलं. बसवल्यावर गाडी सुरू करून व्हॉल्वच्या तोंडावर परत बोट ठेवलं. ओढ शून्य. मग गाडी गरम करून कनेक्टर जोडला आणि रेसिंग थोडं वाढवलं तर बारीक टक-टक सुरू झाली आणि बोटाला झटके लागले. आधी वाटलं परत काही बिघडलं.

खानापूरचा_मेस्त्री
ती टक-टक हवीच. ईसीयू व्हॉल्व सेकंदाला अनेक वेळा उघड-मिट करतो, त्याचा आवाज. तो ऐकू आला म्हणजे तारा, हुकूम, कॉइल सगळं जिवंत आहे. आता कोड डिलीट करा, आणि एक गोवा फेरी करून सांगा. त्याशिवाय मी याला दुरुस्त म्हणणार नाही.

चोर्लावाला
काल जाऊन आलो. साखळीला पेट्रोल घेतलं. पोरानं सवयीप्रमाणे राउंड फिगर विचारलं. नको म्हटलं, पहिल्या कटला थांबवलं, आकडा विचित्रच आला, तसेच पैसे दिले. पंपावर चावी फिरवली आणि गाडी लगेच सुरू. घाटात काच खाली करून मुद्दाम वास घेत आलो. केरीपासून कणकुंबीपर्यंत काही नाही. वर थंडगार वारा तेवढा. आज सकाळी अर्ध्या चावीत स्टार्ट. ट्रिम उणे ४. लाईट नाही, कोड नाही.

मामा, तुमचं गॅरेज खानापुरात कुठं आहे ते मेसेजमध्ये कळवा. आईनं तुमच्यासाठी कुंदा बांधून ठेवलाय, नाही म्हणू नका.

निपाणी_२३
हे सगळं वाचून आज मी पण माझ्या गाडीचा तो पाईप काढून बघितला. कनेक्टर काढलेला, इंजिन थंड. बोटाला ओढ लागतीय, थोडी, पण लागतीय. कागदावर ठोकल्यावर अजून काही पडलं नाही. मामा, आधी डबा काढून हलवू, की व्हॉल्व साफ करून एक टाकी बघू?

खानापूरचा_मेस्त्री
आधी डबा.